केदारनाथ, जून २०१३ : मामाला मागे ठेवलं ती फेरी

आमच्या रामबागेतल्या घरात (इंदूरची जुनी मंडळी ओळखतील) जून लागला की मामी हमखास एक गोष्ट काढते. २०१३ साली मामा-मामी चारधामला गेले होते. १६-१७ जूनला मंदाकिनीला पूर आला, १७ला सकाळी वरचा चोराबारी ताल फुटला, रामबाडा तर पार वाहून गेला. ही दोघं गौरीकुंडच्या वर जंगलात अडकलेली.

पाचव्या दिवशी वायुसेनेचं हेलिकॉप्टर उतरलं. पंखा फिरताच ठेवलेला. दारातल्या शिपायानं माणसं मोजली, मामीला आत ओढलं आणि मामाला हातानं थांबवलं. "बाबूजी, अगली बार." मामी कितीतरी वर्षं त्याच्यावर चिडून होती. एका म्हाताऱ्यानं असं काय वजन वाढणार होतं, म्हणायची!

पण तिथलं गणितच वेगळं. केदारनाथ साडेतीन हजार मीटरवर. हवा विरळ, म्हणून पंख्याला उचल कमी मिळते. जे यंत्र खाली मैदानात सहज उचलेल ते ओझं वर उचलत नाही. त्यात दरी अरुंद, ढग केव्हा उतरतील नेम नाही. त्या शिपायाचं मोजणं म्हणजे आत बसलेल्या सगळ्यांचा जीव होता. मामा पुढच्या फेरीत सुखरूप आला.

२५ जूनला मात्र केदारनाथहून परतणारं एमआय-१७ व्ही-५ गौरीकुंडच्या उत्तरेला कोसळलं. वीसजण गेले : वायुसेनेचे ५, एनडीआरएफचे ९, आयटीबीपीचे ६. बातम्यांत आलं, की ते वर चितेसाठी लाकडं पोचवून येत होतं.

इथे आमच्या घरात दोन तट पडतात. मामा म्हणतो, जिवंत माणसासाठी जीव धोक्यात घालणं समजतं. मेलेल्यांच्या लाकडासाठी ढगात कशाला जायचं? मला त्याचं पूर्ण पटत नाही. आठवडाभर प्रेतं उघड्यावर पडलेली, रोगराईची भीती, आणि रस्ताच उरला नव्हता. लाकूड दुसरं कोण नेणार? पण एखादा दिवस थांबता आलं असतं का, हा त्याचा प्रश्न मला खोडता येत नाही.

दुसऱ्या दिवशी वायुसेनाप्रमुख ब्राऊन स्वतः गौचरला गेले, उड्डाणं थांबणार नाहीत म्हणाले. थांबलीही नाहीत.

मामी या वादात पडत नाही. अपघाताची बातमी आली त्या दिवशी टीव्हीवर फोटो दाखवत होते, तेव्हा ती पुढे सरकून एकेक चेहरा बघत बसली होती. तो शिपाई त्यात आहे का, हे तिला आजवर कळलेलं नाही.

कुणाच्या घरचं त्या यात्रेत होतं का? लिहा.