घुग्घुसची वाट आणि उस्तादाची तालीम

वर्धा नदीकाठच्या घुग्घुसात कोळशाने भरलेले ट्रक ज्या रस्त्यांवरून अहोरात्र धावतात, त्याच रस्त्यांवरून सायकलस्वार विद्यार्थीही जात असल्यामुळे, चालक कोणाच्या हाताखाली घडला हा प्रश्न मला केवळ परिवहन खात्याच्या दप्तरापुरता वाटत नाही.

जुनी रीत अशी, की उमेदवार पोरगा प्रथम क्लीनर म्हणून गाडीवर चढे. काच पुसणे, चाकांतील हवा पाहणे, उतारावर चाकाखाली दगड लावणे ही कामे करता करता इंजिनाच्या आवाजावरून त्याचे दुखणे ओळखू लागे, आणि मग एखाद्या मोकळ्या मैदानात उस्ताद त्याच्या हाती स्टिअरिंग देई. ही तालीम अनमोल होती. परंतु उस्तादाच्या गुणांबरोबर त्याच्या खोडीही शिष्याकडे वारशाने येत, आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते, हे त्याला क्वचितच कोणी समजावून सांगे.

दुसरीकडे, 1914 च्या मोटार वाहन कायद्याने चालकासाठी 18 वर्षांची अट घातली. 1939 च्या कायद्याने परवान्यापूर्वीची चाचणी आणली. 1989 च्या नियमांनी मोटार शाळांना अभ्यासक्रम देऊन व्यावसायिक वाहनांसाठी किमान 30 दिवसांची मुदत आणि 15 तासांचे प्रत्यक्ष चालन ठरवले. भारवाहू ट्रकसाठी हे तास मला फार तोकडे वाटतात. न्यूझीलंडने 1987 मध्ये नवख्यांना रात्री एकटे वाहन चालवण्यास आणि सोबती नेण्यास काही काळ मज्जाव केला. आपल्याकडे नवा चालक परवान्याच्या पहिल्याच रात्री, पावसात, भरलेली गाडी घेऊन निघू शकतो.