पहिला फेरा आणि शेवटचा दाब : लढाऊ जेटमधील स्टार्टर व हायड्रॉलिक प्रणालीचा इतिहास

गॅस टर्बाइन आणि फ्लुइड पॉवर हे विषय तुम्ही बहुधा वेगवेगळ्या सत्रांत शिकता. लढाऊ विमानात मात्र ते एकाच साखळीत येतात. इंजिन फिरले तर पंप फिरतो, पंप फिरला तर तेलाला दाब मिळतो आणि दाब असेल तरच वैमानिकाच्या हातातली स्टिक शेपटीला हलवते. ही साखळी कशी घडली आणि तिची कमकुवत कडी कोणती, हे या टिपणात मिग-२१ च्या आधारे पाहू.

१. पहिला फेरा कोण देणार?

कॉम्प्रेसर पुरेशा वेगाने हवा दाबत नाही तोवर इंधन पेटवून उपयोग नसतो. आणि कॉम्प्रेसरला फिरवणारे टर्बाइन ज्वलनाशिवाय फिरत नाही. म्हणून पहिला फेरा बाहेरच्या शक्तीने द्यावा लागतो. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन मी-२६२ विमानात इंजिनाच्या तोंडाशी रीडेल हे छोटे दोन-स्ट्रोक पेट्रोल इंजिन बसवलेले असे. ते दोरी ओढूनही सुरू करता येई! भारतीय वायुसेनेच्या कॅनबेरा या बॉम्बफेकी विमानात काडतूस पेटवून त्याच्या वायूवर स्टार्टर फिरवत. मिग-२१ मध्ये विजेवर चालणारा स्टार्टर-जनरेटर आला. सुरुवातीला तो इंजिनाला फिरवतो. इंजिनाने वेग धरला की तेच यंत्र उलट विमानाला वीज पुरवू लागते.

२. हाताची ताकद का अपुरी पडली?

विमान ध्वनीच्या वेगाजवळ गेले की शेपटीवरची जुनी बिजागरीची पट्टी निष्प्रभ होते. उपाय म्हणून शेपटीचा आडवा पंख अख्खाच फिरवायचे ठरले. १९५० च्या दशकात सेबर विमानाने ही पद्धत रुळवली. पण एवढा पंख वाऱ्याविरुद्ध हाताने वळवणे अशक्य. इथे पास्कलचा नियम कामी आला. मिग-२१ च्या हायड्रॉलिक प्रणालीचा दाब साधारण २१० किलोग्रॅम-बल प्रति चौरस सेंटिमीटर होता. समजा पिस्टनचे क्षेत्रफळ २० चौरस सेंटिमीटर आहे. तर बल ४,२०० किलोग्रॅम-बल, म्हणजे चार टनांहून जास्त.

३. नाशिक आणि कोरापुट

भारताने १९६२ मध्ये सोव्हिएत संघाशी मिग-२१ चा करार केला. १९६३ मध्ये पहिली विमाने चंदीगडला आली. उत्पादनाची कामे वाटली गेली : विमानाचा सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला. रायपूरहून जगदलपूरमार्गे बस्तर ओलांडले की ओडिशाचा कोरापुट जिल्हा लागतो. तिथल्या सुनाबेड्यात हा इंजिन कारखाना आहे. म्हणजे आपली साखळीच दोन गावांत विभागली होती. दाब वापरणारे सिलिंडर ओझरच्या सांगाड्यात, तर पंपाला फिरवणारे इंजिन सुनाबेड्याचे.

४. दोन प्रणाली, एकच इंजिन

मिग-२१ मध्ये मुख्य आणि बूस्टर अशा दोन स्वतंत्र हायड्रॉलिक प्रणाली होत्या. शेपटीच्या सिलिंडरला दोन कप्पे. प्रत्येक कप्प्याला वेगळ्या प्रणालीचे तेल. एक नळी फुटली तरी दुसरी शेपटी सांभाळे. चाके मुख्य प्रणालीवर चालत, पण अडचणीच्या वेळी ती दाबलेल्या हवेने खाली सोडता येत. ब्रेकही हवेवरच होते.

आता नीट पाहा. नळ्या दोन, टाक्या दोन, पंप दोन; पण दोन्ही पंप एकाच इंजिनावर. हवेत इंजिन विझले तरी समोरच्या वाऱ्याने ते काही वेगाने फिरत राहते आणि थोडा दाब मिळतो. इंजिन अडकून थांबले तर तोही नाही. म्हणून बॅटरीवर चालणारा एक आपत्कालीन पंप दिला होता. तो फक्त शेपटीपुरता आणि बॅटरी टिकेल तेवढाच वेळ. इंजिन पुन्हा पेटवण्यासाठी लागणारी ठिणगीही विजेचीच. वैमानिकाला त्याच मोजक्या साठ्यातून नियंत्रण राखायचे आणि पुनर्ज्वलनही साधायचे असे. दाब संपला की शेपटी हाताने हलवण्याची सोय नव्हती. उरे ती फक्त इजेक्शन सीट.

इंजिन सुरू करण्याचा क्रम याच दृष्टीने वाचा. वीज जोडा, इंधनपंप चालू करा, स्टार्टर दाबा, फेरे आणि वायूचे तापमान पाहा. फेरे वाढत नसतील किंवा तापमान मर्यादा ओलांडत असेल, तर इंधन तोडा. त्यानंतर हायड्रॉलिक दाब पाहा, स्टिक चहूबाजूंना फिरवा. ही शेवटची तपासणी सगळी साखळी एकदम तपासते.

५. पुढचा टप्पा

ओझरलाच जुळणी झालेल्या सुखोई-३० एमकेआयमध्ये इंजिने दोन असून ती सुरू करायला छोटी गॅस टर्बाइन आहेत. तेजसमध्ये इंजिन पुन्हा एकच. त्याला पहिला फेरा देणारे जीटीएसयू-११० हे गॅस टर्बाइन स्टार्टर हिंदुस्तान एरोनॉटिक्सने स्वतः विकसित केले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ निवृत्त झाले. तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, नाशिकमध्ये तयार झालेल्या तेजस एमके-१ए ने तिथूनच उड्डाण केले.

लक्षात ठेवायचे ते एवढेच : सुट्या भागांची संख्या दुप्पट केली म्हणजे सुरक्षितता दुप्पट होत नाही. दोन्ही वाटा शेवटी कोणत्या एका ठिकाणी मिळतात, ते आधी शोधा.

विचारासाठी प्रश्न

१. शेपटीचा सिलिंडर दोन कप्प्यांचा असूनही आपत्कालीन पंप का लागला?
२. चाके सोडायला हवेचा पर्याय चालतो. शेपटीच्या नियंत्रणाला तो का पुरणार नाही?
३. तुमच्या प्रयोगशाळेतील एखाद्या यंत्राची ऊर्जा-साखळी काढा आणि दोन वाटा एकत्र येणारी जागा दाखवा.