काटा आणि आकडा

परळी वैजनाथ येथे ३० मेगावॉटचा पहिला वीजसंच १९७१ साली सुरू झाला आणि बीड जिल्हा वीज निर्माण करणाऱ्यांच्या यादीत आला. हा इतिहास बहुधा औष्णिक केंद्राच्या चिमण्यांकडे पाहून सांगितला जातो. आम्हाला तो वायरमनच्या पिशवीत डोकावून पाहावासा वाटतो. तार जिवंत की मेलेली, हा प्रश्न अखेर त्या पिशवीतल्या वस्तूंनाच विचारावा लागतो.

त्यांत मल्टीमीटर तसा उशिरा आलेला. दाब, प्रवाह आणि रोध मोजण्यासाठी वेगवेगळी उपकरणे वाहून नेण्याला ब्रिटिश टपाल खात्यातील डोनाल्ड मॅकॅडी हा अभियंता कंटाळला, आणि १९२३ साली ‘अव्हो’ मीटर जन्मास आले. अँपिअर, व्होल्ट, ओहम यांची आद्याक्षरे म्हणजे ते नाव. आपल्याकडील काट्याच्या मीटरवर पुढे मोटवाने हे नाव दिसू लागले. १९०९ साली सिंधमध्ये व्यवसाय मांडून काँग्रेसच्या सभांना ‘शिकागो रेडिओ’चे ध्वनिक्षेपक पुरवणारे हेच घराणे. (सभेतला आवाज आणि तारेतला दाब यांची अशी सोयरीक जुळावी, याची आम्हाला गंमत वाटते.)

मग पिवळ्या डब्यातले स्वस्त आकडी मीटर आले आणि काटा मागे पडला. काट्याला हलण्यासाठी तारेतूनच थोडी वीज घ्यावी लागते. आकडी मीटरचा अंतर्गत रोध मात्र साधारण एक कोटी ओहम, म्हणजे ते जवळजवळ काहीच घेत नाही. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्यास हा गुण होय. विहिरीवर तोच दगा देऊ शकतो. तुटलेल्या फेजची तार जिवंत तारेला लागून गेली असेल, तर तिच्यावरही शेजारधर्माने काही व्होल्ट उमटतात. आकडी मीटर ते इमानाने दाखवते. आमच्याकडे डीपीपासून दूरच्या पंपाला दाब कमीच मिळतो, हे सर्वांच्या अंगवळणी पडलेले. तेव्हा नसलेली फेज ‘कमी दाबाची’ समजली जाते, स्टार्टर दाबला जातो आणि मोटर जळते. ऐन उन्हाळ्यात मोटर रिवाइंडिंगला जाणे म्हणजे काय, हे मोसंबीची बाग राखणाऱ्यासच विचारावे. काट्याच्या मीटरवर असा फसवा दाब बव्हंशी कोसळतो. होल्डर-बल्ब तर पेटतच नाही. जुने वायरमन बल्ब सोडत नाहीत तो हट्टापायी नव्हे.

तरीही काट्याकडे परत चला, असे आमचे म्हणणे नाही. घरातल्या प्लगपुरते पाहायचे तर दुसऱ्या सुरक्षा-वर्गाचे साधे आकडी मीटर पुरते. वितरण-फलकासाठी तिसरा वर्ग हवा. खांबावरच्या तारेवरून थेट जोडलेल्या पंपाच्या पेटीत हात घालणाऱ्याने चौथ्याच्या खाली उतरू नये. कमी रोधावर दाब मोजण्याची सोय असलेले मीटर मिळाले तर फसव्या दाबाचाही बंदोबस्त होतो. पण गावोगावच्या पिशव्यांत असते ते बहुधा पिवळेच. त्याच्या १० अँपिअरच्या भोकाशेजारी ‘अनफ्यूज्ड’ असे इंग्रजीत, बारीक अक्षरांत छापलेले असते.