मोहल्ला, चौकी आणि भिवंडीचा धडा

'मोहल्ला' हा शब्द मूळचा अरबी. फारसी आणि दखनीच्या वाटेने तो मराठीत आला. जिथे उतरायचे, मुक्काम करायचा, ती जागा म्हणजे मोहल्ला. कोकणातल्या गावात एखादी कुंभारवाडी असते, एखादी ब्राह्मणआळी असते, तसा एक मोहल्ला असतो. तिथे एक मशीद असते, एक जमात असते, आणि बांधाचे किंवा देण्याघेण्याचे भांडण पुष्कळदा जमातीच्या बैठकीतच मिटते. गाव त्याला आपलाच एक भाग मानते. शहरात मात्र याच शब्दाचा रंग बदलला. वर्तमानपत्रात 'मोहल्ला' आला की पुढच्या ओळीत 'संवेदनशील' आणि 'बंदोबस्त' हे शब्द येणार, याची आम्हा वाचकांना सवय होऊन गेली आहे. मुक्कामाच्या जागेला पहाऱ्याची जागा करणारा हा बदल कसा झाला, आणि तो उलटवण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न महाराष्ट्रात कुठे झाला, हे पाहणे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

इंग्रजी राजवटीत मुंबईतल्या मोहल्ल्यांचा पोलिसांशी संबंध मुख्यतः मोहरमच्या निमित्ताने येई. प्रत्येक मोहल्ल्याचा आपला ताबूत, आपली टोळी आणि आपले प्रतिस्पर्धी असत. त्या मिरवणुकांत हिंदूही सामील होत. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांची मोठी दंगल झाली, आणि त्यानंतर सरकारचा गर्दीकडे पाहण्याचा डोळाच बदलला. १९११ च्या मोहरमात गोळीबार झाला. त्या वेळचे पोलीस आयुक्त एस. एम. एडवर्ड्स यांनी मग टोळ्यांवर असे निर्बंध घातले की मुंबईतला जुन्या धर्तीचा मोहरम जवळजवळ संपला. उच्छाद कमी झाला असेल, परंतु त्यासोबत एक विचारपद्धतीही रुजली. मोहल्ल्यात वेगवेगळी माणसे राहतात, त्यांचे वेगवेगळे प्रश्न असतात, हे बाजूला पडले. सगळा मोहल्ला मिळून एक जबाबदार आसामी, आणि तिच्या वतीने बोलायला चार शेठ, दोन मौलवी, एखादा दादा. काही झाले तर त्यांना बोलवायचे, समज द्यायची, हमी घ्यायची.

स्वातंत्र्यानंतर हीच पद्धत 'शांतता समिती' या नावाने चालू राहिली. गणेशोत्सव, शिवजयंती, मोहरम, ईद यांच्या आधी ठाण्यात बैठक भरते. साहेब मध्ये बसतात, दोन्हीकडची प्रतिष्ठित मंडळी भाईचाऱ्याची भाषणे करतात, चहा होतो आणि बैठक संपते. पुढच्या सणापर्यंत कुणी कुणाला भेटत नाही. अशा बैठकांचा काहीच उपयोग नसतो असे आम्ही म्हणणार नाही. परंतु केवळ धोक्याच्या वेळी होणारी ओळख धोक्याच्या वेळी टिकत नाही, आणि याची किंमत ज्या गावाने दोनदा मोजली ते गाव म्हणजे भिवंडी.

भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन-अन्सारी विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, इथले मूळचे कोकणी मुसलमान, भोवतालच्या खेड्यांतले आगरी आणि कोळी, अशी ही वस्ती. माग मुसलमानाचा, सूत मारवाड्याचे, सायजिंग तिसऱ्याचे आणि पाळीवर उभा राहणारा कामगार चौथ्याच मुलखातला, असा इथला व्यवहार. एकमेकांवाचून कुणाचाच धंदा चालत नव्हता. तरीही ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून दंगल उसळली, आणि लगोलग जळगाव व महाडही त्यात ओढले गेले. न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या चौकशी आयोगाने पोलिसांच्या विशेष तपास पथकाच्या पक्षपाती तपासावर कडक ताशेरे ओढले. १९८४ च्या मे महिन्यात भिवंडी पुन्हा पेटली. या वेळी आग ठाणे आणि मुंबईपर्यंत पोहोचली आणि अडीचशेहून अधिक माणसे गेली. धंद्याने बांधलेली माणसेही चौदा वर्षांत दोनदा एकमेकांपासून तुटली. केवळ व्यवहाराच्या गरजेतून विश्वास निर्माण होत नाही, हे भिवंडीने दाखवून दिले.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे हे भिवंडीचे पोलीस उपायुक्त म्हणून आले. १९८४ च्या दंगलीच्या नोंदींचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला आणि शांतता समितीचा साचा मोडून एक वेगळी रचना उभी केली. शहराचे भाग पाडून सुमारे ७० मोहल्ला समित्या स्थापन करण्यात आल्या. प्रत्येक समितीत हिंदू आणि मुसलमान दोघेही असत. पुढारी आणि गुंड यांना दूर ठेवून त्याच गल्लीतल्या साध्या माणसांना त्यात घेण्याचा कटाक्ष होता. समितीशी रोजचा संबंध ठेवण्याची जबाबदारी ठाण्यातल्या साहेबांपेक्षा त्या भागातल्या हवालदार-शिपायांवर टाकली गेली. बैठका सणाची वाट न पाहता नियमित होत राहिल्या.

या रचनेतली खरी गोष्ट आमच्या मते वेगळीच आहे. बैठकीत एकात्मतेवर बोलण्याची सक्ती नव्हती. गल्लीत जे खुपते ते बोलायचे. पाण्याचा नळ, तुंबलेले गटार, दोन घरांतले भांडण, पोरांची मारामारी, रात्री कट्ट्यावर बसणारी टवाळ मंडळी, अशा गोष्टी घेऊन माणसे समोरासमोर बसली. दंगलीचे शास्त्र पाहिले तर ती बहुधा अशाच एखाद्या क्षुल्लक खटक्याने सुरू होते. सायकलचा धक्का लागतो, कुणीतरी शिवी देतो, आणि दोन माणसांचे भांडण तासाभरात दोन जमातींचे होते. हे रूपांतर होण्याआधी ते भांडण कुणाचे आहे हे सांगू शकणारा माणूस दोन्ही बाजूंना हवा असतो. शिपायाला गल्लीतल्या माणसांची नावे ठाऊक झाली आणि माणसांना शिपायाचे. 'पोलीस आला' याऐवजी 'अमुक हवालदार आले' असे म्हणता येऊ लागणे, ही आमच्या दृष्टीने लहान घटना नाही.

खरी परीक्षा डिसेंबर १९९२ मध्ये झाली. ६ डिसेंबरला बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबई दोन टप्प्यांत जळाली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार मुंबईत ९०० माणसे मरण पावली. त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. पोलिसांमधल्या पक्षपातावरही आयोगाने बोट ठेवले. याच काळात मुंबईपासून तासा-दीड तासाच्या अंतरावरची, दंगलीचे गाव म्हणून बदनाम झालेली भिवंडी शांत राहिली. तोवर खोपडे यांची तिथून बदली झालेली होती. त्यांच्यानंतर आलेल्या अधिकाऱ्यांनी ही प्रथा मोडली नाही, आणि समित्यांतली माणसे तर तिथलीच होती. अफवा आली की ती खरी की खोटी हे विचारायला दुसऱ्या बाजूचे ओळखीचे दार होते. अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात भिवंडीचा दाखला दिला आहे. ज्या शहरांत दोन्ही समाजांच्या मिळून संस्था-संघटना असतात तिथे तणावाची दंगल सहसा होत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्यांच्या इतर शहरांतल्या संस्था दीर्घकाळात आपोआप घडलेल्या होत्या. भिवंडीने अशी संस्था ठरवून, चार-पाच वर्षांतही घडवता येते हे सिद्ध केले.

दंगलीनंतर मुंबईनेही हा मार्ग धरला. १९९४ मध्ये ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने मुंबईत मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. ज्या वस्त्यांत पोलिसांच्या नावाने दारे बंद होत होती, तिथे पोलीस आणि रहिवासी एका सतरंजीवर बसू लागले. पोलीस आणि वस्तीतल्या पोरांचे क्रिकेटचे सामने भरले. या कामात बायका पुढे होत्या हे विशेष. कर्फ्यूत दूध कुठून आणायचे आणि पकडून नेलेल्या मुलाची चौकशी कुठे करायची, हे प्रश्न त्यांनीच सोसले होते.

याच सुमारास मुंबईत रहिवाशांच्या संघटनेचा दुसराही एक प्रयोग आकाराला येत होता. घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी आपल्या गल्लीचा कचरा आणि स्वच्छता हाती घेतली, आणि १९९७ च्या आसपास महापालिकेने त्या धर्तीवर ठिकठिकाणी स्थानिक नागरिकांचे गट मान्य केले. हे गट वॉर्ड ऑफिसात जाऊन रस्ते, दिवे, झाडे, कचरा यांबद्दल जाब विचारू लागले. दोन्ही प्रयोग चांगलेच. परंतु त्यांची तुलना केली की एक गोष्ट टोचते. मध्यमवर्गीय सोसायट्यांतल्या माणसाशी शासन कचऱ्याबद्दल बोलते आणि मोहल्ल्यातल्या माणसाशी शांततेबद्दल बोलते. पहिल्याला करदाता म्हणून बोलावणे येते, दुसऱ्याला संभाव्य उपद्रव म्हणून. मोहल्ल्यातही कचरा साचतो, तिथलाही दिवा बंद असतो आणि तिथल्या बाईलाही रात्री घरी परतताना भीती वाटते. मुसलमानाची सुरक्षिततेची मागणी ही नागरिकाची साधी मागणी आहे, हे मोहल्ला समितीने काही काळ तरी मान्य केले होते. तिचे ऐतिहासिक महत्त्व आम्ही यात पाहतो.

मग भिवंडीचे पुढे काय झाले? ५ जुलै २००६ रोजी तिथे कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. गोळीबारात दोन माणसे मेली आणि त्याच रात्री दोन पोलीस शिपायांना जमावाने ठार मारले. त्या हत्यांचे समर्थन कोणत्याही सबबीखाली होऊ शकत नाही. मारले गेलेले शिपाई हे त्याच थरातले होते ज्या थराने कधीकाळी मोहल्ला समित्या चालवल्या. तरीही दोन गोष्टी नोंदवायला हव्यात. पहिली, हे प्रकरण पेटूनही हिंदू-मुसलमान दंगल झाली नाही. जुन्या ओळखी कुठेतरी शिल्लक असाव्यात असे मानायला यात जागा आहे. दुसरी, झगडा इथे दोन समाजांत नव्हता, मोहल्ला आणि ठाणे यांच्यात होता, आणि झगड्याची वस्तू प्रत्यक्ष पोलीस ठाणेच होती. जागेचा प्रश्न म्हणजे अगदी मोहल्ला समितीत सुटावा असा प्रश्न. अशा प्रश्नासाठी दोन्ही बाजूंना विश्वास वाटेल असे टेबल उरले नव्हते, तेव्हा तो रस्त्यावर आला.

याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. या समित्यांना कायद्याचा पाया कधी मिळाला नाही. अधिकाऱ्याची आस्था असेपर्यंत त्या चालल्या, आस्था गेली की कागदावर राहिल्या. हळूहळू साध्या माणसांच्या जागी पुन्हा तीच मंडळी आली, ज्यांना साहेबांसोबत फोटो हवा असतो आणि ओळखपत्र खिशात ठेवून गल्लीत वजन वाढवायचे असते. काही ठिकाणी समितीचा माणूस म्हणजे पोलिसांचा खबऱ्या, असा समज पसरला. बातमी काढण्यासाठी मैत्री केली की मैत्रीही जाते आणि बातमीही.

महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. गावातले तंटे गावातच सामोपचाराने मिटावेत म्हणून शासनाने समित्यांना मान्यता दिली, बक्षिसे ठेवली. गावाला जे देता आले ते शहरातल्या मोहल्ल्याला का देता येऊ नये, हा आमचा प्रश्न आहे. अपेक्षा मोठ्या नाहीत. समितीची बैठक ठरल्या तारखेला व्हावी, सण असो वा नसो. बैठकीचे इतिवृत्त लिहिले जावे आणि मागच्या तक्रारीचे काय झाले हे पुढच्या वेळी सांगितले जावे. निम्म्या जागा बायकांना असाव्यात. बदलून आलेल्या अधिकाऱ्यालाही ती बैठक टाळता येऊ नये. आणि आमच्या बाजूनेही मशिदीच्या ट्रस्टींवर आणि नगरसेवकांवर सगळे सोपवून मोकळे होण्याची सवय सुटायला हवी. मागाच्या पाळीवरून सुटलेला कामगार, शाळेतली शिक्षिका, कोपऱ्यावरचा पानवाला यांनी त्या बैठकीत बसले पाहिजे.

१९८८ ते १९९२ या थोड्या वर्षांत भिवंडीने जे कमावले ते उपदेशाने कमावले नव्हते. तुंबलेल्या गटाराबद्दल एकत्र बसून बोलणारी माणसे अफवेबद्दलही एकत्र बसून बोलू शकतात, एवढाच त्या प्रयोगाचा अर्थ. आपल्या शहरांत मोहल्ले आहेत तोवर तो जुना होणार नाही.