एका फटफटीचें दीर्घायुष्य

यंत्रांचा इतिहास लिहितांना आपण बहुधा त्यांच्या जन्माचीच कथा सांगतों. शोध कोणीं लावला, यंत्र कोणत्या कारखान्यांत घडलें, किती वेगानें धांवलें, एवढें सांगितलें कीं इतिहास संपला असें मानण्याची आपली रीत आहे. परंतु यंत्राच्या आयुष्याचा बराच मोठा भाग कारखान्याबाहेर जातो, आणि तें आयुष्य किती लांबावयाचें हें त्याची देखभाल करणाऱ्या हातांवर ठरतें. या दृष्टीनें ‘बुलेट’ या मोटारसायकलीचा इतिहास विचार करण्यासारखा आहे.

इंग्लंडांतील रेडिच येथील रॉयल एनफील्ड कंपनीनें आपली पहिली मोटारसायकल १९०१ सालीं बनविली. ‘बुलेट’ हें नांव १९३२ सालीं पुढें आलें, आणि आपल्या परिचयाचें तिचें रूप दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ च्या सुमारास, सिद्ध झालें. स्वतंत्र भारताच्या सरकारास लष्कर व पोलीस यांच्याकरितां दणकट वाहन हवें होतें. त्या गरजेंतून १९५५ सालीं मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथें एनफील्ड इंडियाचें काम सुरू झालें. आरंभीं विलायतेहून सुटे भाग येत व येथें नुसते जोडले जात. १९६२ पर्यंत सर्व भाग येथेंच घडूं लागले. पुढें १९७० सालीं इंग्लंडांतील उत्पादन बंद पडलें, आणि १९७७ पासून मद्रासेंत घडलेली बुलेट उलट इंग्लंडांतच विक्रीस जाऊं लागली.

जी वस्तु मातृभूमींत मावळली ती येथें कां टिकली? इंग्लंडांतील गिऱ्हाईक लहान मोटारीकडे व नव्या जपानी गाड्यांकडे वळलें. आपल्याकडे परवाने आणि आयातीवरील निर्बंध यांमुळें निवडीस वावच थोडा होता. एकदां घेतलेली गाडी पुष्कळ वर्षें वापरावयाची, बिघडली तर दुरुस्त करावयाची, आणि शेवटीं दुसऱ्याच्या हवालीं करावयाची, हाच सामान्य क्रम होता. कारखान्यासही मूळ आराखडा वरचेवर बदलण्याचें कारण पडलें नाहीं. त्यामुळें जुन्या गाडीस नवा भाग मिळण्याची सोय दीर्घकाळ राहिली. तात्पर्य, दुरुस्तीची ही विद्या टंचाईच्या पोटीं जन्मली.

तिला अनुकूल अशी त्या यंत्राची घडणही होती. ओतीव लोखंडाचा एकच सिलिंडर, ७० मिलिमीटर व्यासाचा. पिस्टनची धांव ९० मिलिमीटर. एकंदर घनफळ ३४६ घनसेंटिमीटर. इंजिन वेगळें आणि गिअरची पेटी वेगळी. चार पाने, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि रॉकेलची परात एवढ्या सामग्रीवर बरेंचसें काम घराच्या अंगणांत होई. झडपांच्या दांड्या बसवितांना इंजिन थंड असावें, दांडी बोटांनीं सहज फिरावी, पण वरखालीं हलूं नये, हा मापाचा नियम तर उपकरणाशिवाय केवळ स्पर्शानें पाळावयाचा होता. गाडी सुरू करण्यासही शिक्षण लागे. दाब सोडण्याची कळ ओढून पिस्टन योग्य जागीं आणावयाचा, आणि मगच किक मारावयाची. घाई करणाऱ्याच्या पायास उलटा तडाखा ठरलेला.

रोज धांवणारी गाडी झिजते, परंतु उभी राहिलेली गाडी कुजते. अर्धवट भरलेल्या टाकींत दंव धरून गंज चढतो, पेट्रोल उडून जाऊन मागें राहिलेला चिकटा कार्ब्युरेटरचीं बारीक छिद्रें बुजवितो, पिस्टनचीं कडीं सिलिंडरास घट्ट धरतात, रबर तडकतें. अशा गाडीवर प्रथमच जोरानें किक मारणें हा अविचार होय. प्लग काढून आंत थोडें तेल सोडावें, एक-दोन दिवस धीर धरावा, आणि मग इंजिन हातानें हळूच फिरवून पाहावें. सिलिंडर उघडल्यावर झीज मोजावी. ती मर्यादेबाहेर असेल तर तो कोरून घेऊन किंचित् मोठा पिस्टन बसवावा. हें काम मात्र लेथवाल्या मिस्त्रीचें. आपलें कोठपर्यंत आणि त्याचें कोठून, हें ओळखणें हाही घरच्या दुरुस्तीचाच भाग आहे.

आतां काळ पालटला आहे. २००९ च्या सुमारास तें जुनें लोखंडी इंजिन मागें पडून इंजिन व गिअर एकाच कवचांत आले. १ एप्रिल २०२० पासून धुरासंबंधीं कडक नियम लागू झाल्यावर कार्ब्युरेटरही गेला, आणि इंधन मोजून फवारण्याचें काम विजेच्या यंत्रणेकडे आलें. याबद्दल अश्रु ढाळण्याचें कारण नाहीं. जुनी गाडी तेल गाळी, धूर अधिक सोडी, आणि तिचे ब्रेक आजच्या रहदारीस पुरे पडत नसत. हवा सर्वांची आहे. एकाच्या हौसेपायीं ती बिघडूं नये.

तथापि एक प्रश्न उरतो. आज जुनी बुलेट उभी करणारे पुष्कळ आहेत. पण त्यांतील कित्येक गाड्या चकचकीत मुलामा चढवून ओसरींत केवळ शोभेला ठेवल्या जातात. मूळ रंग आणि मूळ बिल्ला शोधून काढला म्हणजे इतिहास जतन झाला, अशी ही समजूत आहे. वस्तुतः साठ वर्षांच्या बुलेटमध्यें कारखान्यांतून आलेला असा भाग थोडाच शिल्लक असतो. पिस्टन बदललेला, चाकांच्या तारा बदललेल्या, रंग तर कितीदां तरी दिलेला. अखंड चालत आली असेल तर ती एकच गोष्ट: बापानें मुलास, मिस्त्रीनें पोऱ्यास, एका मालकानें दुसऱ्यास सांगितलेली उघडण्याची, मोजण्याची व पुन्हां जोडण्याची रीत. टंचाईनें ती आपणांस सक्तीनें शिकविली. टंचाई सरल्यावर ती टिकवावयाची असेल तर आपखुशीनें शिकावी लागेल. आणि त्यासाठीं गाडी ओसरींत नव्हे, रस्त्यावर असली पाहिजे.