रजेचा अर्ज

पनवेलीहून गोव्याच्या सडकेनें दक्षिणेस निघालें म्हणजे पळस्पें मागें पडतें आणि थोड्याच वेळांत शिरढोण लागतें. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म याच गांवीं ४ नोव्हेंबर १८४५ रोजीं झाला. आजोबा अनंतराव हे जवळच्याच कर्नाळ्याचे किल्लेदार. फडक्यांचें नांव निघालें कीं आपणांस धामारीचा दरोडा, रामोशांची टोळी आणि एडनचा तुरुंग आठवतो. बंडाआधीं ते कित्येक वर्षें सरकारी कारकून होते, ही गोष्ट मात्र आपण चरित्राच्या आरंभीं वाचतों आणि पान उलटतों. आम्हांस आज त्या कारकुनाविषयींच बोलावयाचें आहे.

पुण्यास लष्करी हिशेब खात्यांत ते नोकरीस होते. १८७० च्या सुमारास आई शिरढोणास अत्यवस्थ असल्याचें वर्तमान आलें. त्यांनीं रजा मागितली. ती वेळेवर मिळाली नाहीं. अखेर ते घरीं पोंचले तेव्हां आई गेली होती. पुढें वर्षश्राद्धासाठीं मागितलेली रजाही नाकारली गेली, असें चरित्रकार सांगतात. आईची शेवटची भेट चुकणें म्हणजे काय, हें ज्या घरांत म्हातारें माणूस आहे त्या घरास समजावून द्यावयास नको. कचेरीच्या दफ्तरीं मात्र तो इतर कागदांसारखाच एक कागद.

साहेबानें वेळेवर सही केली असती तर बंड झालेंच नसतें, असें आम्ही म्हणत नाहीं. तसें म्हणणें पोरकटपणाचें होईल. १८७६-७७ चा दुष्काळ व त्यांत अन्नावांचून मेलेलीं माणसें, रानड्यांनीं व्याख्यानांतून उलगडलेली देशाच्या दारिद्र्याची मीमांसा, हीं कारणें एका रजेहून फार मोठीं होतीं. आमचें लक्ष वेधतें तें दुसऱ्याच गोष्टीकडे. आई गेल्यावरही हा गृहस्थ कित्येक वर्षें त्याच खात्यांत काम करीत राहिला. बेरीज-वजाबाकीच्या वह्यांत मनाचा रकाना नसतो. १८७९ च्या फेब्रुवारींत धामारीवर दरोडा पडला. त्याच वर्षीं मे महिन्यांत दौलतराव नाइकाच्या टोळीनें पळस्पें लुटलें. जुलैंत फडके पकडले गेले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं एडनला त्यांचा अंत झाला.

चाकराच्या मनाची पर्वा ही अगदीं अलीकडची कल्पना, त्या काळाकडून तिची अपेक्षा कशाला, असें कोणी म्हणेल. तें खरें नाहीं. फडके गेले त्याच्या दुसऱ्याच वर्षीं, १८८४ त, ठाण्यास जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनीं मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली. लोखंडे स्वतः गिरणींत भांडारपालाचें काम केलेले. घाम कोठून येतो हें त्यांस ठाऊक होतें. सुमारें ५,५०० कामगारांच्या सह्यांनीं जो अर्ज गेला त्यांतील मागण्या वाचून पाहाव्या: आठवड्यांतून रविवारची सुटी, दुपारीं अर्धा तास विसांवा, सूर्यास्ताबरोबर काम बंद, पगार महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. मन हा शब्द त्यांत कोठेंही आढळत नाहीं. पण विसांवा नसलेलें, पगार कधीं हातीं पडेल याच्या घोरांत असलेलें मन काय असतें, हें जाणल्यावांचून अशी यादी होत नाहीं. २४ एप्रिल १८९० रोजीं सुमारें १०,००० कामगार जमले. त्या सभेंत दोन स्त्रियाही बोलल्या, हें विशेष. १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचाही वार. घाटावरून आलेल्या कामगारास तो परका वाटला नसावा.

आतां पनवेलीचें रूप पालटलें आहे. तळोज्याचे कारखाने, कळंबोलीचा लोखंड बाजार, आणि पहांटेच्या गाडीनें मुंबईस जाणारी माणसें. २०२२ सालीं जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनीं कामाच्या ठिकाणच्या मानसिक स्वास्थ्याविषयीं विचार मांडला. खिन्नता व चिंता यांपायीं जगांत दरसाल १,२०० कोटी कामाचे दिवस वायां जातात, असा त्यांचा अंदाज. हिशेब खात्यासही पटावी अशी ही भाषा! पण त्यांनीं वरिष्ठांना शिक्षण देण्यावर भर दिला, तो आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. अर्जावर सही करणाऱ्याला समोरचा माणूस वाचतां आला पाहिजे. भिंतीवर तक्ते लावणें आणि वर्षांतून एकदां व्याख्यान ठेवणें त्या मानानें फार सोपें.

त्याच वर्षाच्या १० ऑक्टोबरपासून सरकारनें टेलि-मानस ही सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर मनाची व्यथा सांगतां येते. फोन उचलणारा मिळाला, ही मोठीच सोय. कचेरींतील कारकून मात्र रजेच्या अर्जावर अजूनही ताप आणि पोटदुखी असेंच कारण लिहितो.