निजामी सत्ताधारणा : औरंगाबाद सुभा

हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान (कारकीर्द १९११–४८) यांची सत्ता वंशपरंपरागत होती, इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी याची पक्षबळाने बळकावलेली. तथापि प्रजेचे तोंड बंद ठेवण्याची उभयतांची साधने पुष्कळशी सारखीच होती. सुभा, जिल्हा, तालुका अशी उतरंडीने रचलेली नोकरशाही, जहागिरी व ‘सर्फ-ए-खास’ची खासगी मालमत्ता, आणि कचेरीपासून उच्च शिक्षणापर्यंत मराठी भाषकांवर लादलेली उर्दू, हा या सत्तेचा पाया होय. ‘गश्ती निशान ५३’ या कुप्रसिद्ध हुकुमान्वये औरंगाबादेतील शहागंजासारख्या भर बाजारपेठेतही सरकारी परवानगीवाचून जाहीर राजकीय सभा भरवणे अशक्य होते. सप्टेंबर १९३८ मध्ये तर हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच बंदी घालण्यात आली.

त्याच वर्षी औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा हट्ट धरला. चळवळ उस्मानिया विद्यापीठात पसरली, तेथील विद्यार्थ्यांची हकालपट्टी झाली आणि नागपूर विद्यापीठाने त्यांतील अनेकांना आश्रय दिला. कोवळ्या वयात शिक्षण पणाला लावणाऱ्या या मुलांचे धैर्य विशेष आदरास पात्र आहे.

अखेरच्या पर्वात कासिम रझवीची रझाकार संघटना, मुसोलिनीच्या काळ्या डगलेवाल्यांप्रमाणेच, शासनाच्या आश्रयाने दहशत माजवू लागली. तिचा निर्भीड निषेध करणारे ‘इमरोज’ वृत्तपत्राचे मुस्लिम संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झाली, म्हणून निजामाविरुद्धचा हा लढा दोन धर्मांतील वैर मानणे सर्वथा अन्यायाचे आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने भारतीय सैन्यापुढे शरणागती पत्करली.